तो मुका मार नव्हता

आज मशीनला लावताना आमच्या डायलिसिसच्या एका मावशी चादर नुसती मांडीला लागली तरी कळवळल्या. जांभळट, जाळीदार डाग. खाली हाताला गाठीसारखं टणक. घरचे समजत होते, कुठेतरी मुका मार लागला असेल. डॉक्टरांनी आधी विचारलं, "रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे?" वॉर्फरिन! असा त्रास तिने वाढू शकतो, म्हणून ती बदलायचं लगेच ठरलं.

निदान कॅल्सिफायलॅक्सिस. किडनी निकामी झाली की कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडतं, त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, रक्त पोचत नाही आणि कातडी काळी पडून मरते. पुढे जखमेत जंतुसंसर्ग झाला की जिवावर बेततं. दुर्मिळ आजार, त्यामुळे पटकन लक्षातही येत नाही.

आता सोडियम थायोसल्फेट शिरेतून, दुखण्यावर औषध, जखमेची निगा. खात्रीचा इलाज नाही, हे डॉक्टरांनी मुलाला आडपडदा न ठेवता सांगितलं. मला ते पटलं.

डायलिसिसवाल्यांनो, फॉस्फरस कमी ठेवायची गोळी जेवणासोबतच घ्या. असा दुखरा डाग दिसला तर मलम चोळत बसू नका, लगेच दाखवा. आणि वॉर्फरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका हं!