आखाडा

आज सोयाबीन बघायला शेतात गेलो होतो, तर पाय आपसूक जुन्या आखाड्याकडं, म्हणजे शेतातल्या गोठ्याकडं, वळले. पत्रे गंजलेत, एक भिंत पावसानं बसलीय. गव्हाणीचं बाभळीचं लाकूड मात्र अजून शाबूत. बैलांनी माना घासून घासून गुळगुळीत केलेली कड हाताला लागली.

आमच्याकडं लाल कंधारी जातीच्या बैलांची जोडी होती. पाडव्याला सालगड्याचं साल ठरायचं, मग वर्षभर त्याचा मुक्काम इथंच. रात्री बैलांचा रवंथ अन् कडब्याचा वास.

लोक म्हणतात, ट्रॅक्टरनं बैल घालवले. मला वाटतं, सुरुवात ज्वारीपासून झाली. सोयाबीन आलं, ज्वारी आक्रसली. ज्वारी नाही तर कडबा नाही, कडबा नाही तर दावण रिकामी, अन् आता शेणखतसुद्धा विकत!

अर्थात, सगळंच काही गोड नव्हतं. आईला विचारा. पहाटे उठून शेण काढायचं तिच्याच वाट्याला होतं. "सुटले बाबा," म्हणते ती.

भाऊ म्हणतोय, हे पाडून ठिबकच्या नळ्या ठेवायला शेड टाकू. टाक म्हणलं, पण गव्हाण विकायची नाही.