वाढलेले पाच मायक्रोन्यूटन

सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत शिरले, तर माझी पीएचडीची विद्यार्थिनी अजून रात्रीच्याच खुर्चीत बसलेली. निर्वातकक्षाचा पंप गुणगुणत होता आणि तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"मॅडम, २५ येताहेत."

आमची अपेक्षा २० ची होती. मायक्रोन्यूटन, बरं का. तळहातावर दोन मिलिग्रॅम ठेवले तर त्यांचा जेवढा भार पडेल, तेवढा हा थ्रस्ट, म्हणजे आमच्या थ्रस्टरचा, उपग्रहाच्या चिमुकल्या इंजिनाचा, रेटा. एखादा डास साधारण तेवढाच भरतो. पण चार किलोच्या छोट्या उपग्रहाला हा रेटा दिवसभर देत राहिलं, तर त्याचा वेग सेकंदाला ४३ सेंटिमीटरने बदलतो. काही महिन्यांत कक्षा बऱ्यापैकी हलवता येते, आणि त्यासाठी इंधन लागतं दिवसाला जेमतेम ४५ मिलिग्रॅम.

आमचा थ्रस्टर इलेक्ट्रोस्प्रे जातीचा. त्यातलं इंधन म्हणजे साध्या तापमानाला द्रवरूप असणारं मीठ, जे निर्वातातही जवळजवळ उडून जात नाही. ते बारीक सुयांच्या टोकापर्यंत झिरपतं, समोरच्या जाळीला दीड हजार व्होल्ट दिले की टोकावरून आयन ओढले जातात आणि वेगाने बाहेर पडतात. ज्वाला नाही, आवाज नाही. २०१५च्या डिसेंबरात उड्डाण झालेल्या लिसा पाथफाइंडर या युरोपीय यानावर याच्याच नात्यातले कोलॉइड थ्रस्टर होते, प्रत्येकी ५ ते ३० मायक्रोन्यूटनचे. म्हणजे आकडे काही अद्भुत नव्हते. फक्त आमच्या थ्रस्टरने २५ द्यायला नको होते.

आमचा प्रवाह होता २५० मायक्रोअँपिअर. व्होल्टेज आणि आयनांचं सरासरी वस्तुमान धरून हिशोब केला की थ्रस्ट २० च्या आसपास येतो. विद्यार्थिनीकडे उत्तर तयार होतं: "आयनांबरोबर थेंबही निघत असतील. जड थेंब असले की तेवढ्याच प्रवाहात थ्रस्ट वाढतो."

अगदी बरोबर. पण थ्रस्ट सव्वापट व्हायला दर कूलंबमागे, म्हणजे तेवढ्याच विद्युतभारामागे, वस्तुमान दीडपटीहून जास्त फेकावं लागतं. म्हणजे टाकी ठरलेल्या वेळेच्या दोन तृतीयांशातच रिकामी. ही बातमी खरी असली तरी आनंदाची नव्हती, हे तिला मी सांगितलं तेव्हा तिचं हसू जरा ओसरलं.

खात्री करायची सरळ वाट म्हणजे थ्रस्टर काढून तोलणं. पण कक्ष उघडला की पुन्हा निर्वात करायला अख्खा दिवस जातो. म्हणून आधी न उघडता काय करता येईल ते बघायचं ठरवलं.

आमचा थ्रस्ट मोजायचा तराजू मुरडीचा आहे. लवचीक पात्यांवर तोललेली एक आडवी भुजा. तिच्या टोकाला, अक्षापासून ३० सेंटिमीटरवर, थ्रस्टर. थ्रस्टर रेटतो, भुजा किंचित वळते, लेसर ते वळण मोजतो. ही भुजा इतकी हळवी आहे, की कॉरिडॉरमधून कुणी ट्रॉली ढकलली तरी आलेखात ते दिसतं. म्हणून तर मोजमापं रात्री. त्या रात्रीचं अंशांकन, म्हणजे ठाऊक असलेलं बळ लावून तराजू जुळवल्याची नोंद, मी दोनदा तपासलं. ठीक होतं.

मग मी तिला विचारलं, "गेल्या महिन्यात २०च येत होते ना? तेव्हापासून काय बदललं?"

"काहीच नाही. फक्त तुम्ही सांगितलंत तो क्रम."

आठवलं. थंडीत हा द्रव घट्ट होतो, म्हणून थ्रस्टरला छोटा हीटर आहे. पूर्वी आम्ही तो तासभर आधी लावून ठेवायचो. उपग्रहावर एवढी वीज कुठली असायला, म्हणून मीच म्हटलं होतं की प्रत्यक्षात होईल तसं करू, हीटर आणि उच्च व्होल्टेज एकदमच चालू करू. आधी हीटरचा जो काही परिणाम असेल तो तराजूच्या शून्यात जिरून जायचा. आता तो थ्रस्टमध्ये जमा होत होता.

"उष्णतेने भुजा वाकत असेल," ती म्हणाली. पण उष्णता सावकाश चढते, आणि आलेखातली उडी तर लख्ख होती.

हीटर म्हणजे नुसता रोध. त्यातून दीड अँपिअर कुठल्या दिशेने जातो याचं थ्रस्टरला काहीच सोयरसुतक नाही. मी पॉवर सप्लायमागच्या दोन पिना काढून उलट्या लावल्या. एवढंच.

आलेख १५ वर येऊन थांबला.

थ्रस्टर बंद ठेवून फक्त हीटर लावला: अधिक ५. पिना उलट्या: उणे ५. दोघीही काही वेळ नुसत्या बघत राहिलो.

फळ्यावर हिशोब दोन ओळींचा होता. हीटरची एक तार भुजेच्या वरून, दुसरी खालून, मध्ये १० सेंटिमीटर. म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटरचं एक वेटोळं, त्यातून दीड अँपिअर, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक धरला ३५ मायक्रोटेस्ला. प्रवाह वाहणारं वेटोळं चुंबकीय क्षेत्रात होकायंत्रासारखं वळू पाहतं; ती मुरड (टॉर्क) ३० सेंटिमीटरच्या भुजेने भागली की सव्वापाच मायक्रोन्यूटन. आमच्या थ्रस्टरला पृथ्वी हातभार लावत होती.

लाज वाटायचं कारण वेगळंच. काहीही बाहेर न फेकता थ्रस्ट देतो असा दावा असलेल्या एमड्राइव्हची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. २०१८ मध्ये ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन ताय्मार यांच्या गटाने तो तपासला, तेव्हा मायक्रोवेव्ह जवळपास नाहीसे केले तरी 'थ्रस्ट' तसाच राहिला. संशय गेला तो तारांमधला प्रवाह आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांच्यावर. मुलं हसतात, मीही हसते. आणि माझ्याच तराजूवर तारा मोकळ्या सुटलेल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या तारांना मुळात पीळच घातलेला नव्हता.

दुपारी कक्ष उघडला, जाणाऱ्या-येणाऱ्या तारा एकमेकींभोवती पिळून बांधल्या, म्हणजे मध्ये वेटोळंच उरू नये. दुसऱ्या रात्री हीटर कसाही लावला तरी आकडा २० च्या आगेमागे.

पण त्याआधी, तारा पिळता पिळता, विद्यार्थिनी एकदम थांबली. "मॅडम, उपग्रहातल्या तारांचं चित्र आपण इथूनच उचललंय ना?"

उचललं होतं. संगणकावर उघडलं. तिथेही हीटरच्या दोन तारा पट्टीच्या दोन बाजूंनी, मध्ये ५० चौरस सेंटिमीटरचं वेटोळं. कक्षेत त्याने होणारी मुरड आम्ही काढली, आणि थ्रस्टरची दिशा वस्तुमानकेंद्रापासून पाच मिलिमीटर चुकली तर होणारी मुरडही काढली. वेटोळ्याची मुरड दुपटीने मोठी निघाली. त्या पाच मिलिमीटरसाठी आम्ही चार बैठका घेतल्या होत्या.

मी तारजोडणी बघणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "हीटरच्या तारा? त्यांचं काय एवढं?"