‘लक्ष ठेवा’ म्हणजे नेमकं काय करा?

मी एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. कुणाचं बोट कापलं, कुणी शिडीवरून घसरलं, क्रेनचा हूक कुणाच्या डोक्याजवळून गेला की मी वही घेऊन हजर. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्यामुळे घरात मूल येणार म्हटल्यावर मला जरा जास्तच आत्मविश्वास होता. प्रेस मशीनवरची माणसं सांभाळतो, तिथे वीतभर पोर सांभाळायला काय लागतंय? कन्यारत्न आता दोन वर्षांचं होत आलंय. आत्मविश्वासाची चौकशी अजून सुरू आहे.

आमच्या क्षेत्रात हाइनरिक नावाच्या माणसाचा १९३१ सालचा एक त्रिकोण प्रसिद्ध आहे. एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि ३०० थोडक्यात टळलेले प्रसंग असतात, असं त्याचं म्हणणं. हल्ली त्या आकड्यांवर बरेच जण शंका घेतात, पण ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये त्रिकोण असतोच. आमच्या बाईसाहेब त्यातला ३०० चा कोटा दात घासून होईपर्यंत संपवतात. अतिशयोक्ती वाटत असेल तर हे वाचा. कॅरन अडॉल्फ या अमेरिकी संशोधिकेच्या चमूने १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना त्यांची पावलं आणि पडणं मोजलं. २०१२ मध्ये आलेला निष्कर्ष: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. कारखान्यात एखादा कामगार तासाला १७ वेळा पडायला लागला तर मी प्लांट बंद करेन. घरी पडलेली व्यक्ती उठते, कुणी पाहिलं का ते बघते, आणि पाहिलं असेल तरच रडते.

या सगळ्यावर घरात येणारा प्रत्येक जण एकच उपाय सांगतो. ‘लक्ष ठेवा हं, या वयात फार लक्ष ठेवावं लागतं.’ आई सांगते, सासूबाई सांगतात, खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात थांबवून सांगतात. मला या वाक्याचा व्यावसायिक राग आहे. आमच्याकडे उपायांची एक उतरंड ठरलेली असते. सगळ्यात वर, धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणा. तेही नाही तर मशीनला गार्ड बसवा, म्हणजे घालायचा म्हटला तरी हात आत जाणार नाही. त्याखाली नियम, पाट्या, सूचना. आणि अगदी तळाशी हेल्मेट, हातमोजे. ‘लक्ष ठेवा’ ही फार तर पाटी झाली. पाटी निदान भिंतीवर जागेवर तरी असते. लक्ष ठेवणाऱ्याला फोन येतो, शिंक येते, दारावर कुणीतरी येतं. शिवाय घरात माणसं जितकी जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. मणी नाकात गेला त्या संध्याकाळी खोलीत आम्ही चार मोठी माणसं होतो.

माळ तुटली होती, मणी गोळा करून झाले होते, सगळे सापडले असं सर्वानुमते ठरलंही होतं. थोड्या वेळाने बाईसाहेब माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, नाकावर बोट ठेवलं आणि अत्यंत समाधानाने म्हणाल्या, ‘गेला.’ कोण गेला? ‘मणी गेला.’ कुठे? पुन्हा नाकावर बोट. टॉर्च मारून पाहिलं तर आत, बरंच आत, काहीतरी निळं चमकत होतं. आई चिमटा घेऊन धावत आली. तो मी लगेच काढून घेतला. गुळगुळीत गोल वस्तू चिमट्याने पकडायला गेलं की ती निसटून आणखी आत जाते. हे मला कारखान्यातल्या बॉल बेअरिंगनी शिकवलंय.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि बायकोला म्हणाल्या, ‘आधी तुम्ही हिला एक पापा द्या.’ आम्हाला वाटलं, धीर देण्यासाठी. पण तो उपचारच होता. मुलीचं तोंड आपल्या तोंडाने पूर्ण झाकायचं, मोकळी नाकपुडी बोटाने दाबून धरायची आणि एक छोटी, जोरकस फुंकर मारायची. हवा घशाच्या मागच्या बाजूने वर जाते आणि बंद नाकपुडीतली वस्तू पुढे ढकलते. न्यू जर्सीतल्या व्लादिमिर क्टिबोर या जनरल प्रॅक्टिशनरने १९६५ मध्ये ही युक्ती नोंदवली. २०१२ मध्ये जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा साधारण ६० टक्के मुलांमध्ये ती यशस्वी झाल्याचं दिसलं. म्हणजे हत्यारं, भूल वगैरे प्रकरण दहातल्या सहा जणांचं टळतं. आमचा नंबर सहांत लागला. मणी बायकोच्या गालावर येऊन आदळला, आणि त्याच्यासोबत आणखीही बरंच काही. मुलीला हा खेळ इतका आवडला की तिने तिथेच हात पुढे करून मणी परत मागितला.

निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘घरात बटण बॅटऱ्या कुठे कुठे आहेत?’ मला सांगता येईना. त्यांनी मणी कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, ‘हा मणी होता म्हणून आपण हसतोय.’

बटण बॅटरी ओल्या त्वचेला टेकली की तिच्यातून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि तिथला भाग भाजत जातो. त्यासाठी बॅटरी फुटायला किंवा गळायला लागत नाही. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. नाकात गेली तरी ‘सकाळी बघू’ म्हणण्याची सोय नाही. २० मिलिमीटरची, नाण्याएवढी लिथियम बॅटरी सगळ्यात वाईट, कारण लहान मुलाच्या अन्ननलिकेत ती नेमकी अडकते. आणि रिमोट चालेना म्हणून आपण काढून टेबलावर ठेवतो ना, त्या ‘संपलेल्या’ बॅटरीतही हे सगळं करण्याइतका जीव असतो.

त्या रात्री मी घराचं ऑडिट केलं. वजनकाटा, थर्मामीटर, गाडीची किल्ली, दोन रिमोट, शोभेचे छोटे दिवे. सगळ्यात भयंकर निघालं बाईसाहेबांचं गाणारं पुस्तक. त्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रूच नव्हता, नखाने उघडत होतं. उतरंडीची पहिली पायरी: धोका काढून टाका. पुस्तक गेलं. घरातल्या मोठ्या माणसांपैकी कुणीही त्या गाण्यासाठी हळहळलं नाही.

मग मला नळीची आठवण झाली. अमेरिकेत खेळण्यांचे छोटे भाग तपासायला एक प्रमाणित नळी असते. व्यास ३.१७ सेंटिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली २.५४ पासून ५.७१ सेंटिमीटरपर्यंत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन हे माप ठरवलंय. वस्तू तिच्यात पूर्ण मावली तर ते खेळणं या वयाला बाद. घरी करायचं तर टॉयलेट पेपरच्या आतला पुठ्ठ्याचा रोल चालतो. तो थोडा रुंद असतो, त्यामुळे चूक झाली तर सुरक्षित बाजूलाच होते. मी रविवारी सकाळी रोल घेऊन घरभर फिरलो. पेनाची टोपणं, नाणी, बाटल्यांची झाकणं, फ्रिजवरची चुंबकं, सोफ्याखालून निघालेलं एक निळं मणीरत्न. (सर्वानुमते! सगळे सापडले!) बाईसाहेब माझ्या मागे मागे. दुपारपर्यंत रोल त्यांच्या ताब्यात होता आणि त्या स्वतः तपासणी करत होत्या: बाहुलीचा पाय, मोजा, माझं बोट. संध्याकाळी त्यांनी तपासणीचं उपकरण खाल्लं. सगळं नाही, एक कड.

औषधांच्या बाटल्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझे सुशिक्षित मित्रही यात फसतात. दाबून फिरवायचं ते झाकण ‘मुलांना उघडत नाही’ असं आपण धरून चालतो. अमेरिकेत अशी झाकणं १९७० च्या कायद्याने आली. त्यांची चाचणी ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांवर घेतात. पाच मिनिटं मुलांना बाटली देतात, मग उघडून दाखवतात आणि पुन्हा पाच मिनिटं देतात. शेवटी ८० टक्के मुलांना उघडलं नसेल तर झाकण पास. उरलेल्या वीस टक्क्यांत आपलं मूल आहे का, हे आधी कसं कळणार? झाकण फक्त वेळ मिळवून देतं. औषधं वरच्या, बंद कपाटातच हवीत. पाहुण्यांच्या पर्ससुद्धा उंच ठेवा, बहुतेक पर्समध्ये गोळ्यांचं एखादं पाकीट असतंच.

बादलीचं थोडक्यात सांगतो. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून आत बघताना तोल गेला की मूल डोक्यावर जातं आणि स्वतःला वर ओढू शकत नाही. बुडायला काही सेंटिमीटर पाणी पुरतं, आणि बुडणारं मूल आरडाओरडा करत नाही. आमच्याकडे काम झालं की बादली पालथी. हा एकमेव नियम मी आवाज चढवून लावला आहे.

बाबांचा झोका बंद करणं मात्र जिवावर आलं. नातीचे दोन्ही मनगटं धरून तिला गोल फिरवणं हा त्यांचा जगातला सर्वांत आवडता उद्योग होता. एकदा ती खाली उतरली आणि तिचा डावा हात नुसता लोंबत राहिला. ना सूज, ना खरचटलं, पण खेळणं पुढे केलं तर उजवाच हात येई. कोपराजवळ रेडियस हाडाच्या टोकाभोवती एक अस्थिबंधन असतं. साधारण एक ते चार वर्षांच्या वयात ते इतकं सैल असतं की हात ताणला गेला की जागेवरून सरकतं. डॉक्टरबाईंनी तिच्याशी बोलता बोलता हात हलकेच वळवला, बारीकसा टक् आवाज झाला, आणि थोड्या वेळाने त्याच हाताने तिने त्यांचा स्टेथोस्कोप ओढला. बाबा मात्र आठवडाभर नातीला हात लावायला घाबरत होते. आता ती काखेत धरून उचलली जाते. रस्त्यात बाईसाहेबांनी फतकल मारली तरी हात धरून खेचायचं नाही, हा नियम सगळ्यांना लागू.

काही प्रकारांवर उतरंडीत कुठलाच उपाय नाही. बाईसाहेब मध्यंतरी आपल्या खेळण्यातल्या मोटारीत बसायला निघाल्या. मोटार त्यांच्या पावलाएवढी. दार उघडलं, पाय आत घातला, मावेना, तर बूट काढून पुन्हा घातला. मग बाहुलीच्या खुर्चीवर बसल्या, खुर्ची गेली एकीकडे आणि त्या दुसरीकडे. मला वाटलं आपल्या मुलीचं काहीतरी बिनसलंय. पण ज्यूडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ ते ३० महिन्यांच्या मुलांबद्दल नेमकं हेच लिहिलंय. वस्तू काय आहे हे मूल ओळखतं, ती केवढी आहे हेही त्याला दिसतं, पण कृती ठरवताना ही दोन माहित्या एकमेकींना भेटत नाहीत. वाचून बरं वाटलं. आमच्या कारखान्यात खरेदी विभागाचं असंच चालतं.

आणि रडारड. परवा स्वतःची सावली पाठ सोडत नाही म्हणून रडल्या. त्याआधी लिफ्टचं बटण मी दाबलं म्हणून. ‘मी!’ असा टाहो फोडून लिफ्टच्या दारात आडव्या. आत उभ्या असलेल्या लोकांपुढे मी लिफ्ट परत वरच्या मजल्यावर पाठवून, पुन्हा बोलावून, बटण त्यांना दाबू दिलं. पोटेगल आणि डेव्हिडसन यांच्या २००३ च्या अभ्यासात लहान मुलांचे तीन चतुर्थांश आकांत पाच मिनिटांत आटपतात असं निघालं. त्या लिफ्टमधल्या लोकांना हे सांगून काही उपयोग झाला नसता.

सध्याचा पेच वेगळाच आहे. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरना मी प्लॅस्टिकच्या खिट्ट्या बसवल्या. ड्रॉवर बोटभर ओढायचा, फटीत बोट घालून खिट्टी खाली दाबायची, मग उघडतो. इंजिनीअर माणसाचं काम, चोख. आईला तो उघडेना. तिची बोटं संधिवाताने आखडलेली. औषधांच्या झाकणांचा कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं. ते ५० ते ७० वर्षांच्या लोकांवरही चाचणी घेतात, आणि त्यातल्या निदान ९० टक्के जणांना झाकण उघडावं लागतं. मी आईवर चाचणी घेतली नव्हती. दोन दिवस ती मला हाका मारत होती, मग हाका थांबल्या. मला वाटलं, जमलं वाटतं तिला. काल मीटिंग लवकर संपली म्हणून पाणी प्यायला आत गेलो, तर आई ओट्याशी उभी राहून म्हणत होती, ‘ये गं माझी बाय, आजीला झारा काढून दे.’ बाईसाहेब आल्या, ड्रॉवर ओढला, बारीकसं बोट फटीत घातलं, खिट्टी दाबली, झारा काढून दिला आणि ड्रॉवर ढकलून बंदही केला.

सुऱ्या तूर्तास फ्रिजच्या वर आहेत. वयस्कर हातांना उघडेल आणि दोन वर्षांच्या हातांना उघडणार नाही असं कुलूप कुणाला माहीत असेल तर कळवा. स्टूल ढकलायला त्या शिकल्या नाहीत तोवर.