तीन नंबरच्या कुंडीचं कोडं सुटलं

अखेर सुटलं! लाल कोळी (पानांतला रस शोषणारी ठिपक्याएवढी कीड) एप्रिलपासूनच ठाण मांडून आहे, पण तो दर दहा दिवसांनी तीन नंबरच्याच गुलाबावर का परत येतो, ते रविवारी रात्री अकराला कळलं.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मी फुलकिडे समजून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारून बसले होते. कोळी त्याने मरत नाही. तो आठ पायांचा, कीटक नव्हेच. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र जातात. पांढऱ्या कागदावर पान झटकलं, ठिपके चालायला लागले, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. मग नीमतेल, लिटरला ५ मिली, सोबत रिठ्याचं पाणी. पहिला फवारा भर उन्हात मारला आणि ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाची कोवळी पालवी करपवली, ती चूक माझीच. आता फवारणी दिवेलागणीनंतर, आणि दर तीन दिवसांनी पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार. या उकाड्यात अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, आठवडाभर थांबलं की नवी पिढी हजर. (प्रेशर पंप घेताना नोझल वर वळतं का ते दुकानातच बघून घ्या. माझं वळत नाही, दर वेळी कुंडी आडवी धरावी लागते.)

एवढं करून बाकीच्या चार कुंड्या सुधारल्या, तीन नंबरवर पुन्हा कोळ्याची जाळी. समोरच्या रिडेव्हलपमेंटच्या धुळीला शिव्या घातल्या, पण धूळ तर पाचही कुंड्यांवर सारखीच. कलमाच्या मुळाशी नर्सरीवाल्यांचा तो चिकणमातीचा गोळा राहिलाय का म्हणून उकरून पाहिलं. राहिला होता, धुऊन काढला. फरक शून्य. कोळ्याला कोरडी हवा लागते म्हणतात, मग मुंबईच्या या घामट हवेत त्याचं इतकं कसं फावतं?

रविवारी पाणी घालायचं राहिलं म्हणून रात्री ग्रीलमध्ये हात घातला, तर तव्यावर धरल्यासारखी धग. खालच्या काकांच्या एसीचं आउटडोअर युनिट! बरोब्बर तीन नंबरच्या खाली. सकाळी विचारलं तर म्हणाले, "अगं, मार्चअखेर बसवला, रात्रभर चालू असतो." म्हणजे हिशेब जुळला: त्या धगीने तीन नंबरभोवतीची हवा रात्रभर कोरडी. युनिट हलवा म्हणायची सोय नाही, गावाहून माझं शेणखत त्यांच्याच गाडीतून येतं.

मधेच एक आनंदाची बातमी: दुधी धरला! फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. सातच्या सुमारास नरफूल खुडून मादीफुलावर फिरवलं. तीनपैकी एक टिकला, आज वीतभर आहे. रोज जाऊन बघते, दृष्ट लागेल म्हणून फोटो काढला नाही.

तर आता तीन नंबर हॉलच्या कोपऱ्यात, असं लिहिणार होते. पण लिहितानाच सुचलं, स्वयंपाकघराची ग्रील उत्तरेकडे आहे! १५ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर) झाला, आता जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेलाच. एरवी ओल्या फडक्यांची ती जागा, पण हे दोन महिने तिथे सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येणार. म्हणजे तीन नंबर तिकडे, आणि धगीच्या जागी? रिकामा स्टँड. किंवा कोरफड. नाही, कोरफडच.

मिरचीचंही बघायला हवं. बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) समजून उपटणार होते, पण पानं खाली वळलीत, वर नाही. फुलकिड्यांनी वर वळतात, खाली म्हणजे बहुतेक पिवळा कोळी. तो भिंगातूनही जेमतेम दिसतो. गंधक आणून ठेवलंय, पण पारा ३४ वर आणि नीमतेल मारून आठवडाही झाला नाही. आत्ता मारलं तर पानं भाजतील. मृगाचा पाऊस पडून हवा निवली की बघू. तोवर शेंडे खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

आज तीन नंबरला पाणी दिलं नाही. उद्या माती हलकी झाली की लेकाला पकडून कुंडी हलवते.