इटियाडोहचा ओव्हरफ्लो बघायला गेलो अन् नवेगावबांधच्या पाळीवरच दोन तास गेले

ऑगस्टात ग्रुपवर गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणाच्या ओव्हरफ्लोचा व्हिडिओ आला अन् आम्ही चौघं सकाळी पाचला नागपुरातून निघालो. साकोली, मग कोहमारा, तिथून उजवीकडे वळलं की नवेगावबांध. पेट्रोल कोहमाऱ्यालाच टाकून घ्या.

नवेगावला फक्त चहापुरतं थांबायचं होतं. पण पाळीवर चढलो अन् बसलोच. साधारण 11 चौरस किमीचा तलाव, भोवती सातबहिणीचे डोंगर, अन् हे सगळं पाणी डोंगरांच्या मधात मातीची पाळ टाकून अडवलेलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. पाळीवर एक काका बैल चारत होते, त्यांना विचारलं की तेव्हा इंजिनिअर कोण होता, तर म्हणे, "इंजिनेर कुठचा बापू, पाटलाची नजर होती." आता तोच पाटील कोलासूर देव झालाय, डोंगरावर त्याचं ठाणं आहे. धरण बांधून देव झालेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही, आपल्याकडे ठेकेदार फार तर आमदार होतो.

गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला खालची जमीन मिळायची, म्हणून या पट्ट्यात कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी गावोगाव तलाव अन् बोड्या, म्हणजे छोटी तळी, केल्या. 1951 ला मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. 'मामा तलाव' म्हणतात ते हेच, माजी मालगुजारी, मामाचा काही संबंध नाही. वाटेत एका बोडीवर जुना तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, दिसला, वरखाली भोकं अन् त्यात लाकडी खुंट्या, पाणी जसं उतरेल तशी खालची खुंटी काढायची की बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी. आमचा एक मित्र सिंचनातच नोकरीला, तो पाच मिनिटं नुसता बघत राहिला.

मग इटियाडोह. गाढवी नदीवरचं हे धरण 1970 चं, पाणी पार वडसा-आरमोरीकडच्या धानाला जातं. भरलं की सांडव्यावरून आपसूक पडतं, आवाज लांबूनच येतो. पण सांडव्याच्या दगडांवर शेवाळ जबरदस्त, मी सेल्फीच्या नादात आपटलो, कोपर सोललं, चप्पल वाहून गेली. बूट घाला अन् पाण्यात उतरूच नका, पोट्टे उतरतात म्हणून आपण उतरायचं नसतं. रविवारी तर गर्दी एवढी की गाडी लावायला जागा नाही, मधल्या वारी जा.

जवळच गोठणगावला तिबेटी कॅम्प आहे, 1972 पासूनचा. धानाच्या बांध्यांमधून जाता जाता एकदम रंगीत पताका दिसतात, माणूस चक्रावतो. नागपुरात हिवाळ्यात स्वेटर विकायला येतात त्यातले काही इथलेच.

नेटवर्क मधूनच जातं, रोख पैसे ठेवा. ट्रेननं यायचं तर गोंदिया-बल्लारशा लाइनवर अर्जुनी स्टेशन, पण गाड्या मोजक्याच, टाइम बघून निघा. आणि परतताना ढिवरांकडून, म्हणजे इथल्या मासेमारांकडून, ताजी मासोळी घ्यायची असेल तर बर्फाचा डबा न्या, आम्ही पिशवीत आणली, डिक्कीचा वास अजून गेला नाही.