वेदरफिल्डचे शेजारी

घर सोडून पळायची सगळ्यात जास्त घाई असलेला मुलगाच शेवटी घराला चिकटून राहतो, हे मी माहेरच्या वाड्यात पाहिलं होतं. मग 'कॉरोनेशन स्ट्रीट' या इंग्लंडातल्या टीव्ही मालिकेत पुन्हा पाहिलं. ९ डिसेंबर १९६० ला या मालिकेचा पहिला भाग लागला. त्यात केन बार्लो नावाचा कॉलेजात शिकणारा मुलगा घरच्यांची लाज वाटून चुळबुळत बसलेला आहे. जेवणाच्या टेबलावर सॉसची बाटली, बैठकीच्या खोलीत भाऊ सायकल दुरुस्त करतोय, आणि याला कधी एकदा या गल्लीतून सुटतो असं झालंय. केनचं काम करणाऱ्या विल्यम रोच यांनी आता नव्वदी ओलांडली. केन अजून त्याच गल्लीत आहे.

तो पहिला भाग मी बऱ्याच उशिरा, कुठल्याशा वाढदिवसाच्या निमित्ताने पुन्हा दाखवला तेव्हा पाहिला. आम्ही इंग्लंडात गेलो १९८० च्या सुमाराला. नवरा मँचेस्टरजवळच्या बोल्टनच्या इस्पितळात डॉक्टर. मी दिवसभर घरात, तान्ह्या मुलीबरोबर. शेजारपाजार होता, पण खिडक्यांना जाळीचे पडदे आणि पडद्यांमागे सगळी सामसूम. पुण्यात ज्या वेळात चार घरांच्या चौकशा होऊन जातात तेवढ्या वेळात इथे "आज जरा ऊन आहे, नाही का" एवढंच होई. अशात सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी साडेसातला कॉर्नेट या पितळी वाद्यावरची ती संथ, काहीशी रडवेली धून वाजायची, कौलांच्या आणि धुरांड्यांच्या रांगा दिसायच्या, आणि पुढचा अर्धा तास मला सगळ्यांच्या घरात शिरायची मुभा मिळायची.

मालिका सुरू झाली तेव्हा 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या समीक्षकाने या धुनेला आणि त्या धुरांड्यांनाच नावं ठेवून ही काही चालायची नाही, असं भाकीत केलं होतं. लेखक टोनी वॉरन तेव्हा फक्त चोवीस वर्षांचा होता. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या बाजूलाच, घरातल्या बायकांची बोलणी ऐकत वाढलेला. त्याने वेदरफिल्ड नावाचं गाव कल्पनेने उभं केलं, एक गल्ली, एका टोकाला 'रोव्हर्स रिटर्न' नावाचा पब, दुसऱ्या टोकाला वाण्याचं दुकान. पबच्या कोपऱ्यातल्या खोलीत तीन म्हाताऱ्या स्टाउटचे, म्हणजे काळ्या बिअरचे, ग्लास पुढ्यात घेऊन अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढणार. त्यातली केसांना जाळी लावणारी एना शार्पल्स आम्ही गेलो तेव्हा नुकतीच मालिकेतून गेली होती. आमच्या वाड्यात तिच्या तोडीच्या दोघी होत्या, त्यामुळे मला तिची ओळख करून घ्यायला वेळ लागला नाही.

माझा जीव जडला तो हिल्डा ऑग्डनवर. केसांना कायम कर्लर, वरून रुमाल, पबात झाडूपोछा करणारी, गाणं म्हणायला लागली की कान झाकावेत असा आवाज, आणि घरातल्या भिंतीवर उडणारी तीन बदकं, त्यातलं मधलं नेहमी तिरकं. नवरा स्टॅन खिडक्यांच्या काचा पुसायचं काम करायचा, म्हणजे त्याने करावं अशी अपेक्षा होती. त्र्याऐंशी साली सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. इंग्रजी त्यांना जुजबी, आणि बोल्टनकडचं, लँकेशर भागातलं इंग्रजी तर मलाही धड कळत नसे. पण दोन आठवड्यांत त्यांनी निकाल दिला : "हा माणूस काम करताना काही दिसत नाही गं. सगळं तीच ओढतेय."

त्याच हिवाळ्यात केनच्या बायकोचं, मोठ्या चष्म्याच्या डीअर्ड्रीचं, माइक बॉल्डविनशी प्रकरण रंगलं होतं. माइक कपड्यांच्या कारखान्याचा मालक, छानछोकी, गोडबोल्या. केन शिकलेला, सरळ आणि भयंकर कंटाळवाणा. केन-डीअर्ड्रीचं लग्न जुलै १९८१ मधलं, चार्ल्स आणि डायानाच्या लग्नाच्या दोनच दिवस आधीचं. दीड-पावणेदोन वर्षांत ही वेळ. ती कोणाकडे राहते यावर देश दोन तटांत विभागला गेला. २३ फेब्रुवारीच्या रात्री ती केनकडेच राहिली, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनलचा फुटबॉल सामना चालू होता, आणि तिथल्या धावफलकावर झळकलं, "केन १, माइक ०". सासूबाईंचं मत माइकच्या बाजूने पडलं होतं. मी ते अनेक वर्षं कोणाला सांगितलं नाही.

मुख्य म्हणजे माझी शेजारीण बोलायला लागली. एका सकाळी कुंपणापाशी मी सहज हिल्डाचं काही विचारलं, तर तिने कपडे वाळत घालायचे सोडून पंधरा मिनिटं स्टॅनला शिव्या दिल्या. तिथून स्वतःच्या नवऱ्यावर यायला तिला फार वेळ लागला नाही. पुढे मुलीच्या वाढदिवसाला केक तिच्याकडून आणि बटाटेवडे आमच्याकडून, असा रिवाज पडला.

आपल्याकडे मालिकांमध्ये लीप घेतात. जाहिरात संपते आणि पाळण्यातलं पोर लग्नाला उभं असतं, आई मात्र आहे तेवढीच, फक्त कानशिलावर एक पांढरी बट. तिकडे तसं नव्हतं. आपल्याकडे नाताळ तर त्यांच्याकडेही नाताळ, आपलं वय वर्षाने वाढलं तर त्यांचंही तेवढंच. नट गेला की बहुतेक वेळा पात्रही जायचं. स्टॅनचं काम करणारे बर्नार्ड यूअन्स १९८४ च्या उन्हाळ्यात वारले आणि नोव्हेंबरात स्टॅन गेला. त्याची मयत उरकून हिल्डा घरी येते. इस्पितळातून आलेलं त्याच्या सामानाचं पुडकं टेबलावर असतं. ती ते सोडते, त्यात त्याच्या चष्म्याचं घर निघतं, आणि इतकी वर्षं कजाग म्हणून पाहिलेली ती बाई ढसाढसा रडते. हिल्डाचं काम करणाऱ्या जीन अलेक्झांडरसारखा अभिनय मी रंगभूमीवरही क्वचितच पाहिलाय. मी तेव्हा पुण्याला पत्रात हे सगळं सविस्तर कळवलं. सासूबाईंचं उत्तर आलं. त्यात आमच्या तब्येतीची चौकशी एका ओळीत, आणि पुढे, "तिचं आता कसं चालतं? मूलबाळ विचारतं का?"

हिल्डा गल्ली सोडून गेली १९८७ च्या नाताळच्या दिवशी. अडीच कोटींहून जास्त लोकांनी तो भाग पाहिला. त्याच वर्षी पुण्याहून येणाऱ्या पत्रांत रविवार सकाळच्या 'रामायणा'चं आणि ओस पडलेल्या लक्ष्मी रोडचं वर्णन असायचं. इकडे एका कामवालीला निरोप द्यायला देश थांबला होता. मला दोन्ही पटलं.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. बोल्टनमध्ये आमच्या कोपऱ्यावरचं दुकान एका गुजराती कुटुंबाचं होतं. त्यांच्याकडे हिंग मिळायचा, आणि रविवारी उशिरापर्यंत दूधही. आजूबाजूच्या कित्येक गल्ल्यांत हेच चित्र. पण वेदरफिल्डच्या दुकानात देसाई कुटुंब आलं ते थेट १९९९ मध्ये. ज्या गल्लीला सगळ्यांच्या घरातलं सगळं कळतं तिला आम्ही दिसायला एवढा उशीर का लागावा? शेजारणीला हे मी बोलून दाखवलं तेव्हा ती जरा विचारात पडली. "खरंच की, माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाली. तेच तर.

गंमत अशी की मालिकेची गल्ली टिकली, ती जिच्यावरून बेतली ती सॅलफर्डमधली आर्ची स्ट्रीट मात्र सत्तरच्या दशकात पाडली गेली. तशा विटांच्या कितीतरी रांगा त्या काळात जमीनदोस्त झाल्या. मालिका काढणाऱ्या ग्रॅनडा कंपनीने मँचेस्टरच्या स्टुडिओत बांधलेली खोटी गल्ली बघायला १९८८ पासून तिकीट काढून जाता येऊ लागलं. सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा आम्ही त्यांना नेलं. फोटो-बिटो काढून झाले आणि बघते तो सासूबाई १३ नंबरच्या, हिल्डाच्या दारापाशी वाकून पत्रपेटीच्या फटीतून आत बघताहेत. आत काहीच नव्हतं, नुसता दर्शनी भाग. त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "बाई सगळं सामान घेऊन गेली."

नंतर नंतर मालिकेत फार काही घडायला लागलं. खुनी जावई, कालव्यात गेलेली गाडी, आणि २०१० मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला तर पुलावरून गल्लीतच कोसळलेली ट्राम. मला ते सगळं परकं वाटतं. मला रॉय क्रॉपर हवा. कॅफे चालवणारा, रेल्वेचा वेडा, हातात कायम पिशवी, कोणाला दुखवायचं झालं तर आधी पाच वाक्यं माफी मागणारा. त्याची बायको हेली जानेवारी २०१४ मध्ये गेली. आम्ही तोवर पुण्याला परतलो होतो. लीड्सहून मुलीने फोनवर सगळा भाग वाक्यागणिक सांगितला, आणि दोघींनी आपापल्या टोकाला डोळे पुसले.

आताही तिचा फोन आला की नातवंडांची शाळा, हवा, विजेचं बिल एवढं झाल्यावर मी विचारतेच, रॉय कसा आहे? जावई नागपूरचा, सरळ मनाचा. लग्नानंतर बरेच दिवस तो रॉयला आमचा बोल्टनकडचा कोणी विधुर स्नेही समजत होता. एका दिवाळीला त्याने मुलीला विचारलंही म्हणे, की ते एकटेच असतात तर त्यांना फराळाला बोलवायचं का.