आन्यांग: हाडांवर कोरलेले कौल

बीजिंगहून वेगवान रेल्वेने हनान प्रांतातल्या आन्यांगला सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येतं. शहराच्या वायव्येला, हुआन नदीच्या काठी यिनशू आहे, शांग राजांची शेवटची राजधानी. चिनी लिपीचा सर्वांत जुना मोठा साठा याच मातीतून निघाला, इ.स.पू. १२५०च्या सुमारापासूनचा. चीनला जायचं ठरलं तेव्हा भिंतीच्याही आधी माझ्या यादीत हे गाव होतं.

इथले शेतकरी जमिनीत सापडणारी हाडं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधासाठी विकत. १८९९मध्ये वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याने त्यांवरच्या खुणांमधली जुनी लिपी ओळखली. १९२८पासून रीतसर उत्खनन सुरू झालं आणि १९३६च्या जूनमध्ये एकाच खड्ड्यात १७,०००हून अधिक तुकडे लागले. सगळे एकमेकांत असे अडकले होते की मातीसकट अख्खा गठ्ठाच उचलून नानजिंगला न्यावा लागला.

काचेआडच्या एका कासवाच्या कवचापुढून माझा पाय निघेना. पोटाकडचं, सपाट कवच. मागच्या बाजूला ओळीने लांबट खळगे कोरलेले आणि त्यांच्यालगत जळाल्याचे काळे डाग. प्रश्न विचारून तिथे चटका दिला की पुढच्या बाजूला तडा जातो: एक उभा, त्याला फुटलेला एक आडवा. तो पाहून राजा कौल सांगायचा आणि नंतर सगळं शेजारी कोरलं जायचं. सूर्याचं चिन्ह इथे चक्क चौकोनी आहे, कारण हाडावर गोल कोरताना हत्यार वळत नाही.

प्रश्न मात्र घरातलेच. पाऊस पडेल का? राजाचा दात दुखतोय, कुठल्या पूर्वजाचा कोप? वू डिंग राजाची राणी फू हाओ सुखरूप बाळंत होईल ना? एका कवचावर या शेवटच्या प्रश्नाचा निकालही आहे: ३१ दिवसांनी बाळंत झाली, शुभ नाही, मुलगी झाली. वाचून पोटात कालवलं. याच फू हाओने सैन्य घेऊन लढाया केल्याच्या नोंदी याच हाडांवर आहेत. १९७६मध्ये तिची न लुटलेली कबर सापडली, त्यात तिच्या नावाच्या काशाच्या कुऱ्हाडी होत्या. कबरीजवळ आज तिचा पुतळा उभा आहे.

इथे लिपी जन्मली असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. या लिपीत पूर्ण वाक्यं आहेत, ६० दिवसांचं कालचक्र आहे, उच्चारावरून बनवलेली चिन्हंही आहेत. शिवाय दोरीने बांधलेल्या पट्ट्यांचं, म्हणजे ग्रंथाचं, चिन्हही हाडांवर सापडतं. याचा अर्थ बांबूच्या पट्ट्यांवर तेव्हाही लिहीत असणार. बांबू कुजला, हाडं उरली. खरी सुरुवात त्याही मागे कुठेतरी आहे.

आन्यांगमध्येच चिनी लिपीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेही चुकवू नका. हाडांवरच्या सुमारे ४,५०० चिन्हांपैकी जेमतेम एक तृतीयांश खात्रीने वाचता येतात. उरलेल्यांपैकी एखादं पुराव्यानिशी उलगडणाऱ्याला या संग्रहालयाने २०१६मध्ये १ लाख युआनचं बक्षीस जाहीर केलं.